आज्यावर गेलेला

संघपाल डावखुरा निघाला याचा सिंधूताईंना कोण आनंद! खुळखुळा दिसला की नातवाचा डावा हात सटकन पुढे यायचा. "आज्यावर गेला वं! याचा आजाबी डाव्याच हातानं सही करे," असं त्यांनी बेसा गावातल्या अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं. आजोबा धोंडबा वारले तेव्हा सिंधूताईंचा मुलगा जितेंद्र दोन वर्षांचा होता. बापाची ही नवी आठवण त्यानेही कौतुकाने जपून ठेवली.

त्याची बायको मेघा मात्र हसता हसता गप्प व्हायची. सातव्याच महिन्यात जन्मलेलं, सव्वा किलोचं तिचं पोर पाच आठवडे काचेच्या पेटीत होतं. सुटी देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, दर महिन्याला फिजिओथेरपीला आणा. दोनदा नेलं. मग पोराने बाळसं धरलं आणि "चांगल्या पोराले काहून दवाखाना दाखवता?" या सासूबाईंच्या प्रश्नावर सगळ्यांनी मान डोलावली. मेघानेही. खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं होतं.

पण आंघोळ घालताना उजवी मूठ उघडायला जोर लावावा लागे. अंगठा आत दडपलेला, तळव्यात दुपट्याचे धागे आणि आंबूस वास. रोज ती तो मळ पुसायची आणि मूठ पुन्हा मिटू द्यायची. कोणाला बोलली नाही. बोललं तर खरं होईल, अशी वेडी भीती तिच्या मनात घर करून बसली होती.

आठवा महिना सरत आला तेव्हा एका दुपारी तिने धीर करून पोराचा डावा हात धरून ठेवला आणि उजवीकडे खुळखुळा वाजवला. पोर तडफडलं, रडून लालबुंद झालं. उजवा हात जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने दवाखाना गाठला. सिंधूताई न बोलावता बरोबर आल्या. फिजिओथेरपीच्या सुरुची मॅडम पोराला गादीवर निजवून हातपाय वाकवून पाहू लागल्या.

"आजोबांवर गेलाय, डावखुरा आहे," मेघा घाईघाईने म्हणाली. मॅडमनी फक्त हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

"एवढं लहान मूल डावं-उजवं करत नाही, मेघाताई. ते एकच हात वापरतं तेव्हा दुसरा अडलेला असू शकतो. मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवावं लागेल. कधीपासून आहे हे?"

मेघा मनात आकडा शोधू लागली. दोन महिने म्हणावं, की आठवडाभर? तेवढ्यात मागून सिंधूताईंचा आवाज आला.

"चवथ्या महिन्यापासून. मालिश करताना मले तवाच समजलं होतं." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "याचा आजा उजवाच होता वं, मेघा. मले भेव वाटलं, म्हणून मी त्याले डावखुरा केला."

मेघाला संताप यायला हवा होता. तो आला नाही. आपणही रोज ती मूठ पुसून मिटूच दिली, एवढंच तिला आठवलं.

"उशीर झाला का, मॅडम?"

"ते आज सांगता येणार नाही. पण आता एक दिवसही घालवायचा नाही." त्यांनी पोराच्या डाव्या हातावर मऊ मोजा चढवला आणि खुळखुळा सिंधूताईंच्या हाती दिला. "आजी, उजवीकडून वाजवा."

पोर रडू लागलं. दोघींचे डोळे त्या मिटलेल्या मुठीवर खिळले होते. सिंधूताईंनी खुळखुळा थांबवला नाही.