तीन कमानींचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी अग्निशमन गाडी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी आजवर एकही आग विझवलेली नाही. हसू नका. विमानतळावरच्या गाडीचं आयुष्य न लागलेल्या आगीची वाट बघण्यात जातं. विमान यायच्या आधी शेडबाहेर यायचं, इंजिन सुरू ठेवून उभं राहायचं, विमान थांबलं की परत आत. सोळा वर्षं हेच. काम करून थकवा येतो तसा हा नाही. पाहुण्यासाठी दाराशी ताटकळून येतो, तसा आहे.

मी इथं आले तेव्हा माझा लाल रंग असा झळकायचा, की वेरूळ-अजिंठा बघायला आलेले लोक माझ्यापाशी उभं राहून फोटो काढत. आता उन्हानं तो विटला. डावं दार तारेनं बांधलंय. नवा भाग मागवला की कागद वर जातो आणि वरच रमतो.

आमचं विमानतळ लहान. दिवसाकाठी मोजकी विमानं. एखादी नवी कंपनी येते, कारण रिकाम्या खुर्च्यांची भरपाई सरकार तीन वर्षं देतं. चौथ्या वर्षी कंपनीला अचानक कळतं, की इथं प्रवासी कमी आहेत. ती येते तेव्हा हारतुरे, पेढे, भाषणं. आम्ही दोन गाड्या दोन बाजूंनी पाण्याची कमान करतो आणि विमान त्याखालून जातं, अशी रीत आहे. ती जाते तेव्हा मात्र कुणी येत नाही.

आता एक नियम ध्यानात ठेवा. जेवढं मोठं विमान, तेवढं पाणी आमच्या टाक्यांत हवं. कमी असलं तर त्याला उतरता येत नाही.

माझा चालक कारभारी, फुलंब्रीकडचा. त्याची मुलगी प्रेरणा संध्याकाळच्या मुंबईच्या विमानाच्या काउंटरवर कामाला. ते मोठं विमान वर्षानुवर्षं येत होतं, पण एका मे महिन्यात कंपनीनं ते दुसऱ्या गावाला हलवायचं मनात घेतलं. वादळामुळं दोनदा ते न उतरताच माघारी गेलं होतं.

"आणखी एकदा माघारी गेलं तर इथलं काउंटर बंद, असं साहेब म्हणतेत," प्रेरणा बापाला म्हणाली. "मग मला गुवाहाटीला धाडतील, नाय तर घरी."

त्याच आठवड्यात नव्या कंपनीचं पहिलं विमान आलं. आधी कमानीची तालीम झाली. पाहुण्यांच्या कॅमेरावाल्याच्या डोळ्यांवर ऊन आलं, म्हणून दुसरी तालीम झाली. मग खरी कमान. कारभारी मध्येच म्हणाला, "साहेब, पाणी..." तर पाहुण्यांसोबतचा एक जण म्हणाला, "नंतर भरा की."

येणाऱ्यांच्या दालनात फरशी पुसणाऱ्या कडूबाई भिंतीपलीकडच्या वस्तीत राहतात. त्या दारात येऊन म्हणाल्या, "आमच्याकडं आठ दिवसाला टँकर येतो, कारभारी भाऊ. तुमचं फक्त विमानाच्या पाठीला साबण लावायचं राहिलं."

पाहुणे गेले. आम्ही पाणी भरायला गेलो, तर बोअरला उन्हाळ्याची धाप लागलेली. करंगळीएवढी धार. मुंबईचं विमान अर्ध्या तासावर आलं होतं. टॉवरनं विचारलं, पाणी पूर्ण आहे का?

कारभारीनं टाकीच्या काट्याकडं पाहिलं. पूर्ण म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? इतक्या वर्षांत आग लागली नव्हती.

"कमी आहे," तो म्हणाला.

विमान आलं आणि आकाशात घिरट्या घालू लागलं. प्रेरणाचा फोन आला. "पप्पा, वीस मिनिटं थांबतील, मग माघारी. तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

"जे आहे ते सांगितलं, पोरी."

तिनं फोन ठेवून दिला.

कडूबाईंनी पुसणं भिंतीला टेकवलं. "मागच्या भिंतीपाशी सांडूचा टँकर लागलाय. आज आमचा नंबर आहे."

"तुमचं पाणी कसं घेऊ, बाई?"

"घेऊ नका. मी देते."

टँकरवाल्या सांडूनं कपाळाला हात लावला. "वस्तीतल्या बाया मला टायरखाली घालतील."

"आधी मला घालतील," कडूबाई म्हणाल्या. "मग तुझा नंबर. नळी टाक."

नळी भिंतीवरून आत आली. भिंतीपलीकडं हंडे आपटल्याचे आवाज येत होते, आणि कडूबाईंच्या नावानं काय काय चाललं होतं ते मी लहान मुलांना सांगणार नाही. माझी टाकी भरली, मग शेजारणीची. चार मिनिटं उरली असताना विमान उतरलं. खाली आलेला एक प्रवासी कुरकुरला, "असल्या गावात विमानं आणतातच कशाला?"

पुढं कितीतरी दिवस वस्ती कडूबाईंशी बोलत नव्हती. रविवारी कारभारीनं शेतातल्या आल्याच्या पिकाला द्यायचं विहिरीचं पाणी टँकरनं वस्तीत आणून ओतलं. बाया हंडे भरून घेऊन गेल्या, पण कडूबाईंकडं पाहिलं नाही. त्या वर्षी त्याचं आलं निम्मंच आलं. हिवाळ्याचं वेळापत्रक निघालं, त्यात मुंबईचं विमान होतं. प्रेरणा अजून काउंटरवर आहे.

नवी कंपनी? ती चौथ्या वर्षी गेली.

मित्रांनो, आता माझाही लिलाव व्हायचा आहे. माझी जागा घ्यायला नवी गाडी येईल, तिला हार घाला, मला वाईट वाटणार नाही. एवढंच मागणं आहे, नव्याच्या कौतुकासाठी रोज येणाऱ्याच्या वाट्याचं पाणी सांडू नका. ते कुणाच्या तरी हंड्यातून भरून काढावं लागतं.