पाचव्या माणसाची चार बोटे

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो, आणि मी संतापलेला आहे. माझी उजवी कड कापलेली आहे. इतकी सरळ रेघ पट्टी ठेवल्याशिवाय येत नाही. म्हणजे हे काम घाईत झालेले नाही, शांत डोक्याने झालेले आहे.

१९५३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट बंदराच्या धक्क्यावर माझा जन्म झाला. 'टीझल' पाणबुडी सहा आठवड्यांनी परतली होती. पाण्याखाली गणवेश कोणी घालत नसे. जुनेपुराणे कपडे चढवायचे आणि तेलात माखायचे. फोटो म्हणताच चौघांनी निदान टोप्या तरी शोधल्या. पाचवा, इंजिनवाला विल्फ गारलँड, तसाच वर आला. कमरेला दोरी, डोके उघडे.

"विल्फ्या, त्या स्वेटरात लोकर जास्त की भोकं?" स्वयंपाकी डस्टीने विचारले.

"भोकंच बरी. तुझ्या कोबीचा वास कुठून तरी जायला हवा ना!"

हसत विल्फने डस्टीच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याचे शटर उघडले. फोटोच्या कागदावर चांदीचा थर असतो; माझ्यातल्या त्या चांदीने पाचही जणांना सारखेच टिपले. चांदीला टोपी कळत नाही.

डस्टीने माझ्या पाठीवर पेन्सिलीने पाच नावे लिहिली. पुढच्याच वर्षी इंजिनाच्या खोलीत आग लागली आणि विल्फ गेला.

बंदरावरच्या पबच्या भिंतीवर मी चाळीस वर्षे मानाने राहिलो. पब बंद पडला आणि मी पिनॉक यांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आलो. त्यांना प्रत्येक पाणबुडीची लांबी तोंडपाठ होती. माणसे मात्र ते टोपीवरून ओळखत.

"टोपी नाही, बिल्ला नाही. हा कडेचा म्हणजे गोदीतला कुणी मजूर घुसलाय," ते पुटपुटले. चौकटही जरा अरुंद होती. त्यांनी पट्टी ठेवली आणि सुरी ओढली.

आठवड्याने हेझल आली, विल्फची मुलगी.

"'टीझल'चा फोटो आहे म्हणे तुमच्याकडे? बाबा गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. लग्नाचा फोटो आईनं त्यांच्याबरोबरच पुरला. मी त्यांचा चेहरा पाहिलेला नाही हो."

पिनॉकांनी उत्साहाने मला चौकटीतून काढले. तिने मला उलटे केले, वाचले, पुन्हा सुलटे केले.

"मागे नावं पाच आहेत. माणसं चारच?"

पिनॉकांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तो... गोदीतला..."

"कापलेला तुकडा कुठाय?"

"कचऱ्याची गाडी मंगळवारी येते, बाई."

तो बुधवार होता.

ती ओरडली नाही. ओरडायला हवे होते. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. तिने मला उजेडात धरले. डस्टीच्या खांद्यावर, अगदी कापलेल्या कडेशी, तेलाने काळी झालेली चार बोटे उरली आहेत. तिने त्यांच्यावर आपली बोटे ठेवली.

मित्रांनो, जुन्या फोटोला सुरी लावण्याआधी त्याची पाठ वाचा. एवढेच करायचे होते. वाचायला दहा सेकंदही लागले नसते.