अण्णांचं पाणी

अण्णा चोरून पाणी पितात, याबद्दल शुभदाच्या मनात आता तिळमात्र शंका उरली नव्हती. पितात कधी आणि कुठून, एवढंच काय ते शोधायचं बाकी होतं.

अण्णा म्हणजे तिचे सासरे, भगवंतराव. निपाणीत तंबाखूच्या वखारीवर उभी हयात गेलेला माणूस. मधुमेहाने मूत्रपिंडं निकामी केली, तेव्हा शुभदाचा नवरा योगीराज आईवडिलांना दूरच्या कानडी शहरात, मारतहळ्ळीच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. तेव्हापासून घरात पिशव्यांचं डायलिसिस सुरू होतं. पिशवीतलं औषधी पाणी नळीने पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं आणि पुन्हा बाहेर काढायचं. पोटाला आतून एक पातळ पडदा असतो. त्याच्या एका अंगाला रक्त, दुसऱ्या अंगाला हे दाट पाणी. दाट बाजू पातळ बाजूचं पाणी ओढून घेते, मीठ लावलेली काकडी पाणी सोडते तसं. शरीरातलं फाजील पाणी आणि घाण असं पडद्यातून बाहेर पडायचं. अण्णांची लघवी बंद झालेली, त्यामुळे दुसरी वाट नव्हतीच.

शुभदाला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना ती घरूनच, लॅपटॉपसमोर बसून जीवशास्त्र शिकवायची. पेशीचा पडदा, त्यातून काय आत जातं, काय बाहेर येतं, हे तिला तोंडपाठ. म्हणून तर तिचा संशय एवढा पक्का होता. पुणेरी बाई, त्यात विज्ञानाची शिक्षिका. एकदा तिचं गणित जुळलं की देव आला तरी उत्तर बदलायचं नाही.

गणित साधं होतं. अण्णांचं वजन वाढत होतं. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, आणि संडासापर्यंत जाऊन येताना त्यांना धाप लागायची. पोटातून बाहेर येणारं पाणीही कमी झालं होतं. डॉक्टरांनी दवाखान्यातच एक पिशवी लावून पोटातला पडदा तपासला. पडदा ठणठणीत निघाला.

"पिशव्या सांगितल्याप्रमाणेच लावता ना?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "दिवसा हलकी, रात्री कडक, म्हणजे जास्त दाट?"

"हो, सासूबाई लावतात. नर्सनी शिकवलंय त्यांना. फार काळजीने करतात."

"मग पिण्यात पाणी जास्त जातंय. लक्ष ठेवा. असंच चाललं तर डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल, आणि यांचं हृदय ते सोसेल असं मला वाटत नाही."

त्या दिवसापासून शुभदा डोळ्यांत तेल घालून पाळतीवर बसली. अण्णांना दिवसभरासाठी मोजून दिलेल्या पाण्याच्या बाटलीवर तिने मार्करने रेघ ओढली. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरला कुलूप लावलं. न्हाणीघरात नळाचा आवाज आला की शिकवता शिकवता माईक बंद करून ती दाराशी कान लावायची. चूळ भरायची तीही तिच्या देखत. बिचारे अण्णा चूळ भरून तोंड उघडं ठेवून उभे राहायचे, शाळेत दात दाखवायला उभं केल्यासारखे.

"अण्णा, खरं सांगा. मी रागावणार नाही."

"न्हाई गं पोरी. घोटभरबी जास्त न्हाई. तुझ्या गळ्याची शपथ."

शपथ घ्यायची वेळ येते तीच मुळी खोट्या माणसावर, असं शुभदाचं मत. तिने सासूकडे पाहिलं. तानूबाईंनी नजर खाली घातली.

बस्स! आता संशयाला दुसरं घर मिळालं. म्हातारीच पाणी देते. नवऱ्याची तहान बघवत नसणार तिला. आणि पिशव्यांचे खोके आणून देणारा तो चंदन? आला की तानूबाई दार ओढून घेऊन बाहेर उभ्या राहून त्याच्याशी कानडीत हळू आवाजात बोलायच्या. शुभदाला कानडी येत होतं ते 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढंच. एवढं काय बोलणं असतं खोकेवाल्याशी? शहाळी मागवत असतील, नाहीतर बाटल्या.

"अगं, वडील आहेत ते माझे, चोर नाहीत," योगीराज वैतागला.

"मग पाणी काय हवेतून येतं? पडदा नीट आहे, पिशव्या नीट आहेत. उरलं काय?"

ज्याच्यापाशी उत्तर नसतं तो ऑफिसला निघून जातो, तसा योगीराज गेला.

एका दुपारी तानूबाई खाली देवळात गेल्या आणि अण्णांचा डोळा लागला होता. शुभदा त्यांच्या खोलीत शिरली. आपल्याच घरात झडती घ्यायची तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेपेक्षा खात्री मोठी होती. कपाट झालं, ट्रंक झाली. शेवटी ती खाली वाकली आणि पलंगाखाली झाकण म्हणून टाकलेली चादर ओढून काढली.

बाटल्या नव्हत्या. पिशव्या होत्या. कडक पिशव्या, हिरव्या टोपणाच्या, रात्रीच्या. ओळीने रचून ठेवलेल्या, एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

शुभदा तिथेच फरशीवर बसली.

तानूबाई प्रसाद घेऊन आल्या, त्यांनी उपसलेला ढीग पाहिला आणि दारातच थबकल्या.

"आई, ह्या लावल्या नाहीत तुम्ही?"

"न्हाई," तानूबाई म्हणाल्या. लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. "पिवळ्या टोपणाच्या हलक्याच लावतोय, रातचीबी. चंदनला सांगून जास्तीच्या मागवल्या. त्यो नको म्हणत हुता, मीच गळ घातली."

"पण का?"

"नर्सबाईनं सांगितलं हुतं की. हिरवीत सक्करे जास्त, पिवळीत कमी. अगं, ह्यांच्या चहात वर्सं झाली, साखरंचा कण टाकला न्हाई मी. तूच म्हणतीस, साखर म्हंजे ह्यांना इख. आन् ती पिशवीभर पोटात वतायची? माझा हात धजंना. तुला सांगितलं असतं तर तू लावायलाच लावली असतीस."

शुभदाने एक हिरव्या टोपणाची पिशवी उचलून हातात घेतली. ती साखरच पाणी ओढते. ती कमी पडली की पाणी आतच राहतं, आणि रात्रभर ठेवलं तर पिशवीतलंच उलटं अंगात मुरतं. परक्या मुलांना ती हे रोज समजावून सांगत होती. ज्या बाईच्या हातात पिशवी होती, तिला मात्र एकदाही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं फक्त साखरेबद्दल, तेही दरडावून.

मग शुभदाने सांगितलं. सावकाश, काकडीचं उदाहरण देऊन. तानूबाई ऐकत गेल्या आणि शेवटी पदर तोंडात कोंबून भिंतीशी बसल्या. "म्हंजे मीच मारत हुतो व्हय गं ह्यांना," एवढंच त्या म्हणाल्या. शुभदाने त्यांना जवळ घेतलं. रागवायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे तिला पुरतं कळत होतं.

तिने डॉक्टरांना फोन करून सगळं कबूल केलं. त्यांनी लगेच कडक पिशवी लावायला सांगितली. तानूबाईंनी हात धुऊन, तोंडाला मास्क बांधून नळी जोडली. पिशवी उचलून टांगली शुभदाने. अण्णा उशाला टेकून बसले होते. बायकोचे सुजलेले डोळे पाहून काहीतरी बिनसलंय, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

"अण्णा, माझं चुकलं," शुभदा म्हणाली. "तुम्ही पाणी पीत नव्हता."

"नव्हतो व्हय?" त्यांनी एकदम मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "खरंच नव्हतो?"

असं काय विचारतात हे? शुभदाला कळेना. नळी सरळ करायला तिने त्यांचा हात बाजूला घेतला, तेव्हा सदऱ्याची बाही वर सरकली. मनगटाभोवती लालसर वळ होता, सुजेत रुतलेला.

"हे काय?"

"काय न्हाई गं. हिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीचा वळ हाय. झोपताना हात खाटंला बांधून घेतो हिच्याकडनं." ते ओशाळून हसले. "तू एवढी शिकलेली, तू कशाला खोटं बोलशील? म्हटलं, झोपंतच उठून पीत असणार मी."

शुभदाने त्यांची दुसरी बाही वर केली. तिथेही तसाच वळ होता.

"एक हात मोकळा ठिवला तर त्यो दुसऱ्याला सोडवील की, पोरी," अण्णा म्हणाले.