थरथरत्या हाताखालचा माऊस

मित्रांनो, दचकू नका. मी माऊस असलो तरी कुणाचे कपडे कुरतडत नाही. मी संगणकाचा एक जुना माऊस आहे आणि तोही शेपटीवाला. आजकाल माझ्या जातीतले बहुतेक जण बिनशेपटीचे झाले आहेत आणि त्याचा त्यांना भारी तोरा आहे. माझी वायर मात्र अजून शाबूत आहे. पाठीचा काळा रंग बोटांनी घासून घासून राखाडी झाला आहे आणि डावे बटण जरा बसके झाले आहे. ते बटण का बसले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझी असंख्य भावंडे दाटीवाटीने उभी होती. एका कामगार बाईने मला उचलले, माझे बटण दाबले, ‘टक्’ असा आवाज ऐकला आणि समाधानाने मान डोलावली. आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी! तिथून खोक्यात बसून मी एका मालवाहतूक कंपनीच्या कार्यालयात आलो. माझी नेमणूक ज्यांच्या टेबलावर झाली, त्यांना मी ताई म्हणतो. कोणता ट्रक कुठे पोचला, कोणता कुठे अडकला, हे दिवसभर पाहायचे त्यांचे काम. ट्रक वेळेवर पोचला की त्या मला अलगद फिरवायच्या आणि अडकला की टेबलावर आपटायच्या. दोन्हीची मला सवय झाली होती.

मग एके दिवशी बिनशेपटीचे आले. आम्हा जुन्यांना एका खोक्यात कोंबण्यात आले. सगळ्यांच्या वायरींचा एकमेकींत असा गुंता झाला होता की कोणाची शेपटी कुठली, हे आमचे आम्हालाच कळेना. तिथल्या अंधारात धूळ खात पडलो असताना वाटले, संपले सारे. पण कंपनीने जुने संगणक मोडीत काढले, तेव्हा ताईंनी साहेबांना विचारून एक संगणक घरी नेला. जाताना त्यांनी खोक्यात हात घातला आणि नेमका मी वर आलो. दैव म्हणतात ते हेच असावे.

घरी ताईंचे आईबाबा होते. बाबांचे बाजाराच्या रस्त्यावर फ्रेमचे दुकान होते. फोटो असो की आरसा, बाबांनी बसवलेल्या चौकटीच्या कोपऱ्यात नखसुद्धा शिरत नसे, असे आई अजूनही अभिमानाने सांगतात. दुपारी गिऱ्हाईक कमी असले की दुकानाच्या मागच्या खोलीत पत्त्यांचा डाव बसायचा. शेजारचे बेकरीवाले यायचे. भट्टीजवळ जन्म काढूनही त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढले नव्हते, म्हणून त्यांना सगळे पावशेर म्हणत. समोरचे चष्मेवाले यायचे, त्यांचे नाव भिंग. हातात पाच पाच पाने धरून तिघे पोकर खेळायचे आणि पैशांऐवजी फ्रेमचे बारीक खिळे लावायचे.

पुढे बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हा पाहुणा आता मुक्कामाला आला आहे. काच कापायची हिरकणी हातात ठरेना, म्हणून बाबांनी दुकान भाड्याने दिले. डाव बेकरीत बसू लागला, तिथे मात्र ते जात राहिले. एक दिवस डाव रंगात असताना त्यांच्या हातातली पाचही पाने निसटली आणि सगळ्यांसमोर उताणी पडली. त्यांत तीन राण्या होत्या. “अरे, राण्यांना हवा खायला बाहेर काढलंस की काय!” असे म्हणून पावशेर खो खो हसले. भिंग हसले. बाबाही हसले. पण त्यानंतर ते डावाला गेले नाहीत. कोणी बोलावले की म्हणायचे, काम आहे. खिडकीशी बसून रस्ता बघणे, एवढेच त्यांचे काम होते.

मी घरात आलो तो या सगळ्यानंतर. ताईंनी बाबांना संगणकासमोर बसवले आणि पडद्यावर पोकर उघडून दिला.

“बाबा, इथे पानं धरायची भानगडच नाही. नुसतं बटण दाबायचं.”

“समोर माणसं कुठायत?”

“आहेत की. आपापल्या घरी बसलीत.”

“म्हणजे माझा हात कुणाला दिसणार नाही?”

“नाही दिसणार. पण एक शब्द द्या. फुकटच्या चिप्सवरच, म्हणजे खेळातल्या लुटुपुटीच्या नाण्यांवरच खेळायचं. खरा पैसा लावायचा नाही, एक दमडीसुद्धा नाही.”

बाबांनी शब्द दिला. खेळातले नाव विचारल्यावर त्यांनी ‘काचवाला’ असे लिहायला सांगितले आणि माझ्यावर हात ठेवला. खरे सांगतो, पहिल्यांदा मीच घाबरलो. तो हात सारखा थरथरत होता. पडद्यावरचा बाण माशीसारखा भिरभिरू लागला. पण हात उबदार होता. ताईंसारखा तो मला कधी आपटत नसे. थोड्याच दिवसांत आमचे चांगले जमले, थरथरत्या बोटाच्या टकटकीने डावे बटण मात्र बसत चालले.

हा खेळ तुम्हाला थोडक्यात सांगतो. पडद्यावरच्या पोकरमध्ये प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात आणि पाच पाने सगळ्यांची म्हणून मधोमध उघडी मांडतात. ज्याची जुळणी भारी, तो जिंकतो. पण पाने भिकार असतानाही ती भारी आहेत असा आव आणला आणि बाकीचे भिऊन पळाले, तरी जिंकता येते. सारी गंमत त्यातच आहे. आपल्या मनातले समोरच्याला कळू द्यायचे नसते.

मला मात्र बाबांच्या मनातले कळायचे. पाने चांगली आली की त्यांची करंगळी माझ्या अंगावरून हळूच वर उचलली जायची, चटका देणारा कप धरताना उचलतात तशी. पाने वाईट असली की ती मला चिकटून बसायची. बाबांना स्वतःला याचा पत्ताही नव्हता.

आणि मग तो प्रसंग घडला. बाबांकडे अगदी टाकाऊ पाने होती. ते ‘पाने टाका’ या बटणाकडे निघाले होते, एवढ्यात बोट थरथरले आणि शेजारचे ‘सगळं लावा’ दाबले गेले. झाले! सगळ्या चिप्स मधोमध. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. पण समोरच्यांना काय ठाऊक? एकेक करून सगळ्यांनी पाने टाकली आणि ढीगभर चिप्स आमच्याकडे आल्या. कुणीतरी पडद्यावर लिहिले, ‘या काचवाल्याला भीती माहीतच नाही.’ बाबांनी ते वाक्य आईंना दोनदा वाचून दाखवले.

“अहो, पण तुम्ही तर चुकून दाबलंत ना?” आईंनी विचारले.

“ते त्यांना कुठं माहितीये!” बाबा म्हणाले आणि कित्येक महिन्यांनी शीळ घालत आंघोळीला गेले.

त्या दिवसापासून पडद्यावरच्या जगात काचवाल्याचा दरारा वाढला. पण मित्रांनो, हा खेळ कुणाचाच सगा नाही. त्याच बोटाने, त्याच बटणावर, पुढच्याच आठवड्यात सगळ्या चिप्स घालवल्या. एकदा एक्क्यांची जोडी हातात असताना इंटरनेट गेले आणि पडद्यावर नुसते चक्र गरगरत राहिले. बाबा त्या चक्राला जे काही बोलले, ते मी इथे सांगू शकत नाही. घरातली हवाही चिप्सवर ठरू लागली. एका दुपारी जेवताना बाबा कुरकुरले, “आज मीठ कमी आहे.” आई शांतपणे म्हणाल्या, “मीठ बरोबर आहे. चिप्स कमी झाल्यात.”

अशाच एका पडत्या दिवशी पडद्यावर ‘पैसे भरा, हव्या तितक्या चिप्स घ्या’ अशी पाटी झळकली. बाबांनी बाण तिथे नेला. तो पाटीभोवती घुटमळला. मग बाबा म्हणाले, “नको, पोरीला शब्द दिलाय,” आणि पाटी बंद केली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पण खरे दुखणे वेगळेच होते. एकदा पावशेर गरम पाव घेऊन घरी आले. बाबांनी चटकन हात माझ्यावरून काढून टेबलाखाली लपवला. पावशेरांनी पडद्याकडे पाहिले.

“अच्छा! म्हणजे हे काम होय तुझं? इथं अनोळखी लोकांशी खेळतोस आणि आम्ही दोघं तिकडं एकमेकांची तोंडं बघत बसतो!”

“तुला नाही कळायचं.”

“काय नाही कळायचं?”

“पानं धरता येत नाहीत रे मला!” बाबा जवळजवळ ओरडलेच. “सगळ्यांसमोर सांडतात. माझी मलाच लाज वाटते.”

पावशेरांना राण्यांवरचा तो विनोद आठवला असावा, कारण त्यांचा चेहरा एवढासा झाला. पाव टेबलावर ठेवून ते निघून गेले. बाबांनी हात टेबलाखालून काढलाच नाही. मी रिकामाच होतो आणि मला फार वाईट वाटत होते.

त्यानंतर आली मोठी स्पर्धा. शेकडो खेळाडू होते. बाबा सकाळी बसले ते दुपारपर्यंत उठलेच नाहीत. एकेक गडी गळत गेला. शेवटी काचवाला आणि ‘लाल टोपी’ नावाचा कुणी एक पट्टीचा खेळाडू, असे दोघेच उरले. पाने वाटली गेली आणि बाबांची करंगळी उचलली गेली. मला कळले, आज काही खरे नाही लाल टोपीचे! बाबांनी मुद्दाम, अगदी जपून, ‘सगळं लावा’ दाबले. जिंकले! पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला, तुतारी वाजली.

बाबा हसत हसत मागे वळले. खोलीत कुणी नव्हते. ताई कामावर होत्या, आई खाली वाण्याच्या दुकानात गेल्या होत्या. बाबा पुन्हा पडद्याकडे वळले, तोवर कागदांचा पाऊसही थांबला होता आणि ‘नवा डाव सुरू करा’ अशी पाटी आली होती. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा विजय, आणि तो सांगायला समोर एक माणूस नव्हता.

आई परत आल्या तेव्हा बाबा तसेच बसून होते.

“जिंकलो गं. पहिला आलो.”

“अगं बाई! मग असं तोंड का केलंय?”

“पावशेर असता, तर त्यानं मला चांगल्या पाच शिव्या घातल्या असत्या. ‘नशीबवान गाढवा’ म्हणाला असता. इथं जिंकलं तरी कुणी शिवीसुद्धा देत नाही.”

दुसऱ्या दिवशी पाव आणायला आई स्वतः गेल्या आणि बऱ्याच उशिराने परतल्या.

त्याच दुपारी दारावर थाप पडली. पावशेर आणि भिंग आत आले. भिंगांच्या काखेत वीतभर लांबीची फ्रेमची लाकडी पट्टी होती.

“तुझ्याच दुकानातला तुकडा आहे,” भिंग म्हणाले. “तू त्यात दुकानाची कार्डं उभी करून ठेवायचास. सकाळी वहिनी येऊन गेल्या आणि डोक्यात आलं, कार्ड राहतं तर पत्त्याचं पान का नाही राहणार?”

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि तिच्यात एक पान उभे करू लागले. ते घसरले. पुन्हा लावले, पुन्हा घसरले. बाबांना ते बघवेना.

“अरे, आडवी धरलीयस! काच बसते ती खाच वर यायला नको का? इतकी वर्षं चष्म्यात काचा बसवतोस आणि एवढं कळत नाही? आण इकडे!”

बाबांनी पट्टी फिरवली. खाच वर आली आणि तिच्यात पाचही पाने रांगेत, ताठ उभी राहिली. बाबा त्या पानांकडे बघतच राहिले.

“लहान मुलासारखं दिसेल,” ते हळूच म्हणाले.

“मग मी काय इथं वाघासारखा दिसतोय?” पावशेर म्हणाले. “वाट पानं. वहिनी, खिळे आहेत का घरात?”

जेवणाच्या टेबलावर डाव बसला. माझ्या जागेवरून मला सगळे दिसत होते. बाबांनी खिळे पुढे सरकवले आणि त्यांचा हात थरथरला. “याची पानं चांगली आहेत, हात बघ कसा कापतोय,” असे म्हणून भिंगांनी पाने टाकली. पावशेरांनीही टाकली. पुढच्या डावात पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या डावातही. शेवटी पावशेरांना राहवले नाही. त्यांनी बाबांची पट्टी गर्रकन फिरवली. पाचही पाने पाच दिशांची, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही!

“अरे लबाडा! इतक्या भिकार पानांवर हात कशाला कापतोय तुझा?”

“तो नेहमीच कापतो रे.”

“मग तुझ्याकडे काय आहे ते आम्हाला कळायचं कसं?”

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिले, जणू तो आज पहिल्यांदाच दिसत होता. मग त्यांना असे हसू फुटले की डोळ्यांतून पाणी आले. “नाहीच कळणार!” ते म्हणाले. पावशेरांनी त्यांना गाढव म्हटले, ठग म्हटले, आणखीही बरेच काही म्हटले आणि आई आतून ओरडल्या, “अहो, जरा हळू! शेजारी काय म्हणतील?”

आता रोज दुपारी बाबा डावाला जातात. कधी बेकरीत, कधी चष्म्याच्या दुकानात. पट्टी खिशात असते. माझे काम कमी झाले आहे. आधी मला जरा हेवा वाटला, खोटे कशाला बोलू? पण माझ्यावर अजून धूळ बसलेली नाही. निघण्यापूर्वी बाबा थोडा वेळ काचवाला होतात, दोनचार डाव खेळतात आणि ‘चला, हात गरम झाला’ म्हणून उठतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी जुना असेल, तर त्याला शेपटीला धरून ओढू नका. अधूनमधून पोटाखालचा मळ पुसा. आणि तुमच्या खेळातला एखादा गडी हल्ली ‘काम आहे’ म्हणून येत नसेल, तर त्याच्या घरी जा. हसला असाल त्याला, तरी जा. जाताना एखादी पट्टी घेऊन जा.

आणि हो, त्या करंगळीचे अजून कुणालाही कळलेले नाही. पावशेर हल्ली बाबांचा हात निरखून निरखून डोळे दुखवून घेतात आणि भिंगांकडे नवा चष्मा मागतात. बघायचे कुठे, ते त्यांना ठाऊक नाही. मी सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका.