प्रागमधला दहावा

तात्या गेल्याची तार मला तिसऱ्या दिवशी मिळाली. तोवर देवळालीला सगळं आटोपलं होतं. मी तेव्हा चेकोस्लोव्हाकियातल्या एका आडगावात साखर कारखान्याची यंत्रं शिकायला गेलो होतो. साल एकोणीसशे सत्तर. तिकीट आमच्याकडच्या कारखान्यानं काढून दिलेलं, आणि त्यावर परतीचा महिना मे. विमान म्हणजे काही राहुरी-नगर यष्टी नव्हे, की हात केला आणि बसलो. रात्रभर रडलो आणि सकाळी कामावर गेलो.

पण थोरला मुलगा मी. तिकडे प्रवरेच्या काठी धाकटा सूर्यभान दहावा घालणार हे ठाऊक होतं, तरी माझ्या हातचा एक पिंड तात्यांना पोचला पाहिजे, असं मनानं घेतलं. त्या गावात नदी नव्हती. एक तळं होतं, तेही गोठून दगड झालेलं. म्हणून दहाव्या दिवशी पहाटे भात शिजवला, डब्यात भरला आणि सगळ्यांत स्वस्त अशा रडतखडत जाणाऱ्या गाडीनं प्रागला निघालो. नाताळ दुसऱ्या दिवशी होता.

आल्यापासून प्राग बघायचं बघायचं म्हणत होतो. तात्यांना लिहिलंही होतं, की हजार वर्षांचं जुनं शहर आहे, बघून आलो की सगळं सांगीन. बघायची वेळ आली ती अशी.

आधी न्हावी शोधला. डोक्यावरून हात फिरवून, सगळं काढ, अशी खूण केली. भर थंडीत हे कसलं खूळ, असा चेहरा करून त्यानं विचारलं, लष्करात चाललास का? मी मान डोलावली. काय सांगणार होतो त्याला? मिशीला वस्तरा लावताना मात्र तोही जरा थबकला. आरशात बघायचं धाडस मला झालं नाही.

ट्रामचं भाडं नको म्हणून पायीच फिरलो. चौकात लाकडी टबांत जिवंत मासे खळबळत होते आणि सणाचा मासा घ्यायला बायाबापड्या रांगेत उभ्या होत्या. एका मनोऱ्यावर जुनं घड्याळ आहे. तासाला त्यातला माणसाचा सांगाडा दोरी ओढतो, घंटा वाजते, आणि खाली जमलेले लोक हसतात, पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतात. मला त्या सगळ्यांचा राग आला. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? पण आला.

नदीवर जुना दगडी पूल, दोन्ही अंगांना साधुसंतांचे पुतळे. पुलाखाली पाण्यापर्यंत पायऱ्या होत्या. तिथं बसून डबा उघडला, तर भाताचा गोळा कडक झालेला. फुंकर घालघालून मऊ केला, पिंड वळला, दगडावर ठेवला आणि हात जोडून मागं सरलो.

समोरच्या बेटावरची झाडं कावळ्यांनी काळी झाली होती. पण चोची पांढुरक्या! हे कावळेच का, म्हणून मनात किंतु आला. मग म्हटलं, चालतील. तात्यांना तरी इथले कुठं माहीत आहेत?

"तात्या, सूर्यभानला शिकवीन," मी मोठ्यानं म्हणालो. एकही हलला नाही.

"चांगुणाचं लग्न थाटात लावीन."

बहिणीच्या लग्नानंही काही झालं नाही. पाणपक्षी तेवढे पिंडावर झेपावले, त्यांना मफलर झाडून हाकललं. आईला कधी उणं पडू देणार नाही म्हणालो. दुपार कलली, बोटं बधिर झाली. मग पोटातली भीती वर आली. मी निघालो त्या दिवशी तात्या मोटारस्टँडवर आलेच नाहीत. उसाला पाणी द्यायचंय म्हणून शेतात निघून गेले, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. त्यांना माझं जाणं नको होतं, आणि मी ते जाणूनबुजून विचारलं नव्हतं.

"तात्या, मी परत येतो. मे महिन्यात नक्की येतो!"

आलो तरी ते भेटणार नव्हते. मी तिथंच पायरीवर बसून हमसून हमसून रडलो.

एक म्हातारी पाव घेऊन हंसांना चारायला आली होती. माझं बोडकं डोकं, समोरचा भात, तिला वाटलं असावं की हा उपाशी आहे. माझी बाही धरून ती घराकडं चल म्हणू लागली. त्यांच्यात या रात्री वाटसरूसाठी एक ताट जास्तीचं मांडतात. पण सुतकात मी कुणाच्या ताटावर कसा बसणार? हात जोडले. तिच्या पिशवीत नाताळच्या झाडाच्या डहाळ्या होत्या, त्यातली एक मागून घेतली.

आमच्याकडे कावळा शिवलाच नाही, तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. लावतात आणि मंडळी गप्प होऊन घरी जातात. माणूस मनात काहीतरी ठेवून गेला, हे सगळ्यांना कळलेलं असतं. मी त्या डहाळीचा कावळा वळला. चोच काही जमली नाही. तसाच पिंडाला लावला, दोन्ही पाण्यात सोडलं आणि स्टेशनची वाट धरली. गावभर घंटा वाजायला लागल्या होत्या.

मेमध्ये घरी आलो. पाहुणेरावळे गेल्यावर आई चुलीपुढं बसली होती, तेव्हा विचारायचा धीर केला.

"आई, तात्यांच्या दहाव्याला कावळा शिवला का?"

"शिवला की. पन लई येळ न्हाई शिवला," आई म्हणाली. "सूर्यभान म्हनला, चांगुनाचं लगीन करतो. म्हनला, आईला संबाळतो. एक कावळा खाली यीना. मग मीच फुडं झाले. म्हनले, आवो, राधाकिसन तिकडं खुशीत हाय. त्याचा घोर करू नगा. तशी झडप घातली बघ."

आईनं वळून माझ्याकडं पाहिलं.

"खुशीतच हुतास न्हवं रं?"

"व्हय आई," मी म्हणालो. "लई खुशीत हुतो."