मामांच्या नावाची शिळा

धाकट्या बहिणीच्या पत्राला मिस्त्रीने उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र येऊन हिवाळा सरला, उन्हाळाही कलला. कामाच्या टेबलावर पट्टीखाली दाबलेला तो कागद दगडाच्या भुकटीने पांढराफटक झाला होता. ज्याचा जन्म थडग्यांवर लोकांची नावं कोरण्यात गेला आणि ज्याच्या घरात भिंतभर पुस्तकं, त्याला चार ओळी सुचत नव्हत्या असं नाही. सुचायच्या, पण लिहून झाल्या की दुसऱ्याच कुणाच्या तरी वाटायच्या, आणि कागद शेगडीत जायचा.

उभ्या आयुष्यात बहिणीचं हे पहिलंच पत्र. तिने लिहिलं होतं, "दादा, चर्चच्या समितीने मला शोधून काढलं. मामांच्या जन्मशताब्दीला बोलावतायत, तिकीट पाठवतो म्हणतात. तिथे उभं राहून आभाराचे दोन शब्द बोलायचे. यायचं की नाही ते माझं मी बघेन. तू एवढंच सांग, मला सोपवलं तेव्हा आई रडली होती का?"

त्या काळी समुद्रापलीकडच्या मळ्यांवर माणसं हवी होती, आणि इथली माणसं जहाजं भरभरून जात होती. एकटं मूल पाठवायचं तर या चर्चचा एक रिवाज होता. रक्ताच्या नातेवाइकाने त्याला वेदीपर्यंत आणायचं आणि त्याचा हात फादरच्या हातात द्यायचा. त्याशिवाय फादर निरोपाची प्रार्थना म्हणत नसत. ज्या मुलांमागे उभं राहायला कुणी नसे, त्यांच्यासाठी एक भला माणूस पुढे यायचा. 'मी हिचा मामा,' म्हणायचा. तो गोरगरिबांना फुकट औषध द्यायचा, थंडीत कांबळी वाटायचा. अशा माणसाला खोटं कोण म्हणणार? हळूहळू सगळं गावच त्याला मामा म्हणायला लागलं.

मिस्त्रीची आई तेव्हा छातीच्या दुखण्याने दूरच्या इस्पितळात पडून होती. पोरं मामा चालवायचे त्या आश्रमात. मिस्त्रीचा एक पाय आखूड, म्हणून जहाजाच्या डॉक्टरने त्याला बाजूला काढलं. धाकटीचा हात धरून मामा वेदीकडे चालत गेले, ते त्याने बाकांच्या कडेला उभं राहून पाहिलं. आईला सख्खा, चुलत, मावस, कसलाच भाऊ नव्हता.

आई बरी होऊन आली आणि तडक मामांच्या दारात गेली. मामा गोड बोलले. "ताई, पोर सुखात आहे. तुमची ही तब्येत. जरा तिच्या भल्याचा विचार करा."

पुढे मरेपर्यंत दर रविवारी ती मामांच्या अगदी मागच्या बाकावर बसायची आणि त्यांच्या मानेवर नजर रोखायची. शेवटच्या आजारात मिस्त्रीला म्हणाली, "माझ्या त्या भावाला सोडू नकोस."

मिस्त्रीने काही केलं नाही. त्याचा स्वभावच तसा, मनातल्या मनात भांडणारा. मामा मानमरातबात गेले. आता शताब्दीसाठी त्यांच्या स्मृतिशिळेचं काम त्याच्याकडेच आलं, तेव्हा त्याने सूड ठरवला, तोही आपल्यासारखाच मुका. दगड मऊ निवडायचा आणि अक्षरं वरवर ओढायची. वारा-पावसात नाव आपोआप झिजेल.

दगड बघायला मामांचा मुलगा आला. तोच आता समितीचा अध्यक्ष.

"काय मिस्त्री, आहात ना? की स्वतःचाच दगड कोरायला घेतलाय?"

"आधी तुमचा होऊ दे, साहेब."

अध्यक्ष हसला. मजकुराचा कागद टेबलावर ठेवत म्हणाला, "'अनाथांचे मामा.' छान ठसठशीत येऊ दे. आणि बहिणीला जरा समजवा. काहीच कळवत नाही. भाषण आम्ही लिहून ठेवलंय, तिने नुसतं वाचायचं."

"ती अनाथ नव्हती," मिस्त्री पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"आमची आई होती. इस्पितळात."

"अहो, आता जुनी मढी कशाला उकरायची? तिचं तिकडे सोनं झालं ना? आणि तुमचं काय वाईट झालं? ही छिन्नी हातात आली ती बाबांच्याच कृपेने. नाहीतर या पायाने कुठे गेला असतात?"

मिस्त्रीचे कान तापले. तो छिन्नीची धार अंगठ्याने चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, "अक्षरं किती खोल घेऊ?"

"कुणाला पुसता येऊ नयेत इतकी."

"बरं."

अध्यक्ष गेला. मिस्त्रीने मऊ दगड भिंतीकडे ढकलला आणि मागचा काळा, कठीण दगड पुढे ओढला. आपल्या मूर्खपणाची त्याला लाज वाटली. नाव झिजलं तर मामा सुटलेच की. नाव राहायला हवं. एकदा धाकटीच्या तोंडून सगळ्यांच्या कानांवर खरं पडलं की नंतर समितीने लाजेने अक्षरांत चुना भरला, सिमेंट भरलं, तरी ते वाचता यायला हवं. 'मामा' ही दोन अक्षरं त्याने अशी खोल उतरवली की त्यांत बोटाचं पेर बुडावं. इतकं नेटकं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

मग हात न धुताच तो लिहायला बसला.

"धाकटे, आई रडली नाही, कारण ती तिथे नव्हतीच. तुझा हात मामांनी दिला. आईला भाऊ नव्हता. ती बरी होऊन आली, तुला मागायला गेली आणि रिकाम्या हाताने परतली. तिने तुला कधीच सोपवलं नाही. तू ये. तिकीट त्यांचंच घे. ते लिहिलेलं भाषण हातात ठेवतील, ते पर्समध्ये टाक. बोलायला उभी राहिलीस की हे सगळं सांग, नावानिशी. मला बोलता येत नाही, तुला माहीत नसेल. तुला येत असावं, असं वाटतं. दादा."

टपालपेटीशी त्याचा हात अडखळला. या वयात तिला हे कळून काय होईल? रात्र रात्र झोपणार नाही. आपल्याला हिशेब चुकता करायचाय, म्हणून हे ओझं तिच्या डोक्यावर? असेलही तसं. पण विचारलं तिने होतं.

त्याने पाकीट आत सरकवलं, आणि ते खाली पडल्याचा आवाज आला तरी फटीत बोटं घालून एकदा चाचपून पाहिलं.