रॅम्पजवळच्या दोन जागा

“स्टिकर न्हाई, मंग इथं गाडी लागायची न्हाई, बाई. तिकडं लिंबाखाली लावा.”

बिभीषणच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. नेवासा फाट्यावरच्या त्या रुग्णालयात तो चौकीदार होता आणि त्याला सांगितलेलं तेवढं तो करत होता. दारापाशी रॅम्पला लागून अपंगांच्या गाड्यांसाठी दोन जागा आखलेल्या होत्या. चाकाच्या खुर्चीचं निळं स्टिकर असेल ती गाडी आत, नसेल ती लिंबाखाली. एका जागेवर एक मोटार उभी होती, दुसरी रिकामी होती.

दयाबाईंच्या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक होतं. पुढे पट्ट्याने कुबड्या बांधलेल्या होत्या. बिभीषणला हे दिसत नव्हतं असं नाही, पण त्याला बघायला स्टिकर सांगितलं होतं. बाईंनी स्कूटर वळवली, तेवढ्यात एक पांढरी जीप त्या रिकाम्या जागेत शिरली. तिच्या काचेवर निळी खुर्ची होती. चालवणारा टुणकन उतरला आणि रॅम्प सोडून पायऱ्यांनी वर गेला.

लिंबापासून दारापर्यंत खडी होती. खडीत कुबडी रुतते. अर्ध्या वाटेवर बाईंचा तोल गेला आणि त्या खाली बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. हा फरक त्यांच्यासाठी मोठा होता. त्यांचा भाचा नोहा कारखान्यात नोकरीला होता. त्याने मायेनेच सांगून ठेवलं होतं, “आत्या, एकदा जरी पडलीस ना, तर ती स्कूटर घरात ठेवायची न्हाई.” लहानपणी पोलिओ झाल्यापासून ज्या थोड्या गोष्टी बाई कुणाच्याही हाताला न धरता करत आल्या होत्या, त्यातली ही शेवटची उरली होती. बाजार, चर्च आणि आता मंगळवार-शुक्रवार खांद्याचे व्यायाम, सगळीकडे त्या आपल्या आपण जात होत्या.

व्यायाम आटोपून त्या सरळ चौकातल्या इसहाकच्या दुकानावर गेल्या.

इसहाक रेडियमची कामं करायचा. नंबर प्लेटा, ट्रॅक्टरवरची नावं, दुधाच्या टेम्पोवर मालकाच्या पोरीचं नाव. बाकीच्यांनी मशीन आणली तरी तो कटरने हातानेच कापायचा आणि त्याच्या अक्षराची रेघ कधी वाकडी गेली नाही. मिशनच्या शाळेत चौथीला तो दयाबाईंच्या वर्गात होता. पट्टी कशी धरायची ते बाईंनीच शिकवलेलं. डाव्या हाताची बोटं पसरून दाबायची, नजर पेन्सिलीवर नाही, रेघ जिथे संपणार तिथे ठेवायची.

बाई स्कूटरवरूनच म्हणाल्या, त्या खुर्चीचं एक स्टिकर हवंय.

“तुमाला कशाला, बाई? तुमाला कोन आडवतंय?”

“अडवलं. मला एक करून दे.”

इसहाकने निळा रोल ओढला आणि कटर उचललं.

“आधी दाखला बघ,” बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेलं अपंगत्वाचं कार्ड काढून पुढे धरलं.

“तुमचा दाखला? चौथीपासनं बघतोय तुमाला.”

“मला बघतोयस. दाखला बघ. बाकीच्यांचा बघतोस ना?”

इसहाकचा हात थांबला. खरं म्हणजे रुग्णालयाने हे काम त्याला दिलं तेव्हा दाखला बघूनच स्टिकर द्यायचं असं सांगितलं होतं. पहिल्या दोघा-तिघांचा त्याने बघितलाही. मग ओळखीचे लोक यायला लागले. कुणाच्या वडिलांना दम लागायचा, कुणाची आई गुडघ्याने बेजार होती. एकाला तर गाडीवर निळा रंग शोभेल असं वाटलं. ज्याने नाव मागितलं त्याला नाव, ज्याने वाघ मागितला त्याला वाघ, तसं ज्याने खुर्ची मागितली त्याला खुर्ची, असं त्याने धरलं होतं. त्याच्या लेखी ते एक चित्र होतं.

बाई रागावल्या नाहीत. गणित चुकलं की त्या फळ्यावर उत्तर लिहीत नसत, एकेक प्रश्न विचारत.

“दवाखान्यात जागा किती?”

“दोन.”

“तू स्टिकरं किती कापलीस?”

“पंचवीस आसतील. जास्तीच.”

“त्यातली दाखला बघून किती?”

इसहाकने हात पुसले, कार्ड घेतलं आणि वरपासून खालपर्यंत नीट वाचलं. नाव, फोटो, टक्के, तारीख. वाचून परत दिलं. मग खुर्ची कापली आणि थोडा विचार करून तिच्या खाली बारीक आकड्यांत बाईंच्या स्कूटरचा नंबर कापला.

“हे कशाला?” बाईंनी विचारलं.

“म्हंजे हे दुसऱ्या गाडीला चालनार न्हाई.”

बाईंनी मान डोलावली. उत्तर बरोबर आलं की त्या शाळेतही तेवढंच करत.

त्याच संध्याकाळी इसहाक रुग्णालयात गेला आणि बिभीषणला समजावून आला की आता नुसती खुर्ची बघायची नाही, तिच्याखालचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळवायचा. आधीची स्टिकरं त्याला स्वतःलाच उतरवावी लागणार होती. तो एकेकाकडे गेला. बरेच जण हसले आणि काढू दिलं. काहींनी खरे दाखले आणले, त्यांना त्याने नवीन करून दिली.

काकासाहेबाचं तेवढं अवघड होतं. त्याचे उसाचे ट्रक होते. हंगाम लागायच्या आधी दर वर्षी सगळ्या ट्रकांच्या पाट्या इसहाककडूनच जायच्या. ती पांढरी जीपही त्याचीच.

“आईसाठी लावलंय रे ते,” काकासाहेब म्हणाला.

“आई आल्यात का गाडीत?”

“आज न्हाई.”

“मागं कधी आल्या हुत्या?”

“तू काय आरटीओ झालास व्हय रं?”

“न्हाई, काकासाहेब. मीच चिकटवलं, म्हनून मीच इचारतोय. आईंचा दाखला काढा. मी नंबर टाकून देतो. त्या गाडीत आसल्या की खुशाल लावा.”

काकासाहेबाने नखाने स्टिकर खरवडलं. अर्धं निघालं, अर्धं काचेला राहिलं. ते इसहाकने रॉकेलच्या फडक्याने पुसून काढलं आणि काच लख्ख करून दिली. त्या वर्षी ट्रकांच्या पाट्या दुसरीकडून झाल्या. दिवाळी झाल्यावर एका सकाळी काकासाहेब आईचा दाखला घेऊन दुकानात आला, खुर्ची करून घेऊन गेला. पाट्यांचा विषय त्याने काढला नाही आणि इसहाकनेही काढला नाही.

बाईंची स्कूटर दीड वर्ष रॅम्पजवळ लागली. बिभीषण तिच्या बाजूला कुबडी टेकायला पुरेल एवढी जागा मोकळी ठेवायचा. बाई त्या काळात पडल्या नाहीत.

मग एका मंगळवारी नोहाची मोटार दुकानासमोर थांबली. बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. नोहा खाली उतरला नाही, समोर बघत राहिला. बाईंनी काच खाली केली आणि वहीच्या कागदात घडी करून ठेवलेलं स्टिकर इसहाकच्या हातात दिलं. केस वाळवायच्या मशीनने गरम करून अखंड काढलेलं होतं. कडांना धूळ चिकटली होती.

“खांदा आता ब्रेक धरत नाही,” त्या म्हणाल्या. “स्कूटर काल दिली. वांबोरीच्या एका मुलीला उपयोगी पडेल. तिचं तिला नवीन करून दे.”

“मंग नोहाच्या गाडीला करतो की, बाई. तुमाला तर न्यायचंच हाय.”

“मी गाडीत असेन तेव्हा बिभीषण मला ओळखतो. मी नसेन तेव्हा नोहाला दोन पाय आहेत. हे कापून टाक.”

इसहाकने स्टिकर दुकानातल्या काचेवर पसरलं. वर खुर्ची, खाली नंबर. त्याने कटर उचललं आणि तसाच उभा राहिला.

“पट्टी घे,” बाई मोटारीतून म्हणाल्या. “नुसत्या हाताने नको.”

त्याने लोखंडी पट्टी ठेवली, डाव्या हाताची बोटं पसरून दाबली आणि रेघ जिथे संपणार तिथे नजर ठेवली.